स्तोयानला हाक मारणारं कोणी नव्हतं

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
५ जानेवारी २०२५

जगू महाराजांस नंदू राणीचा दोह्याहून मुजरा.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला इथे ओरडता येत नाही. मागच्या वेळी तुझ्याशी बोललो तेव्हा शेजारच्या केरळी बाईंनी दार उघडून विचारलं, काय झालं. म्हणून हे पत्र. चैत्राली म्हणाली, बाबा, तुम्ही कागदावर लिहा, मी फोटो काढून सरोजताईंच्या फोनवर पाठवते. तुझी सून तुला अक्षर मोठं करून दाखवेल. तूही कागदावर लिही, म्हणजे तुझाही तसाच फोटो येईल. माझी सून फार हुशार आहे. हे मी ती वाचणार म्हणून लिहीत नाही.

मुलाकडे येऊन तीन महिने झाले. मिहीर सकाळी अंधारात गॅसच्या कंपनीत जातो, चैत्राली शाळेत जाते. मी घरात. चावी आतून लावली की बाहेरून उघडत नाही, म्हणून मी चावी लावत नाही. मग चोर येईल अशी भीती वाटते. खाली रत्नागिरीकडच्या वलीचं शिवणाचं दुकान आहे. तिथे जाऊन बसतो. तो मला चाचा म्हणतो.

आता मुद्दा. चैत्रालीच्या शाळेत मिलित्सा नावाची बाई मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. ती सर्बियाची. तो युरोपातला देश आहे. तिच्या पणज्याचा बाप नट होता, स्तोयान ग्रूबाच. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. स्तोयानचा बाप मेंढीच्या कातड्याचे कोट शिवायचा. गावात नाटकवाले आले. त्यांच्याकडे बायकांची कामं करायला बाई नव्हती. हा सतरा वर्षांचा, अंगाने बारीक, आवाजाने नाजूक. बहिणीचा घागरा नेसून उभा राहिला. बाप म्हणाला, आता घरी येऊ नकोस. तो गेलाच नाही. बैलगाडीतून गावोगाव फिरत राहिला.

जगू, हे ऐकलं आणि मी चहाची बशी खाली ठेवली. माझा बाप तर हेच बोलला होता. फक्त मालवणीत बोलला होता.

चैत्रालीने त्याच्यावर एकांकिका लिहिली आहे. इथल्या मराठी मंडळात फेब्रुवारीत होणार. म्हातारा स्तोयान मी करावा असं तिला वाटतं. मिहीरला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणेल, हृदयात जाळी बसवलेल्या माणसाने स्टेजवर कशाला चढायचं. बत्तीस वर्षं दशावतारात स्त्री पार्टी केली, पण ती आपल्या मातीत. इथे जमेल का? तू सांग. तू नको म्हणालास तर नाही करणार.

वाट बघतो. लवकर लिही. मला झोप लागत नाही.

तुझी राणी,
नंदू


कुडाळ
९ जानेवारी २०२५

अहो राणीसरकार,

मेल्या, मी नको म्हणेन असं तुला वाटलंच कसं? बाजारात कोणी विचारलं, तर सांगायला मला काहीतरी हवं. आमची राणी आता युरोपचा नट करते म्हणून सांगेन.

त्या स्तोयानबद्दल आणखी लिही. ते लोकही आपल्यासारखा पेटारा डोक्यावरून नेत होते का? रात्री कुठे झोपत? सोंग स्वतः रंगवत की दुसरा कोणी रंगवायचा? त्याचा राजा कोण होता? स्त्री पार्टीला चांगला राजा मिळाला नाही, तर तिचं काही खरं नाही, हे तुला माहीत आहे.

मिहीर लहान असताना मी त्याला पाठीवर घेऊन देवळात आणलेलं आहे. त्याला सांग, जगूकाका म्हणतो, बापाला घरात कोंडून ठेवलास तर जाळी लवकर गंजेल.

मी ठणठणीत आहे. रोज सकाळी बाजारात जाऊन येतो. अक्षर वाकडं आलंय ते नातवाच्या पेनामुळे. मुलं पेनाचं टोक चावतात.

शेवटी तो मरतो का? नाटकात म्हणतोय. ते आधी सांग.

जगू धुरी,
राजपार्टी (निवृत्त)


दोहा
१५ जानेवारी

महाराज,

तुझं अक्षर मी तीनदा बघितलं. ते खालून वर जातंय. चावून पेनाचं टोक तुटेल, ओळ वर कशी चढेल? तब्येत बरी आहे ना? खरं लिही.

तालमी सुरू झाल्या. जवळच एकाच्या व्हिलाच्या गॅरेजमध्ये करतो. दिग्दर्शक देवव्रत, पुण्याचा इंजिनिअर. माणूस वाईट नाही. पण पहिल्याच दिवशी माझ्या हातात अकरा कागद दिले आणि म्हणाला, "काका, शुक्रवारपर्यंत पाठ." जगू, मी आयुष्यात कधी पाठ केलं आहे का? आपल्या कंपनीचा मालक संध्याकाळी सगळ्यांना बसवून आख्यान सांगायचा. कोण आधी, कोण नंतर, कोण कोणाला मारतो. बाकी आपण रंगात आलो की बोलायचं. मी कागद वाचले, कळले, आणि तालमीत उभा राहून माझ्या तोंडाने बोललो. चांगलं बोललो. वलीचा पुतण्या राहिल तरुण स्तोयान करतो, तो डोळे मोठे करून बघत राहिला. त्याचं वाक्य आलंच नाही.

"काका," देवव्रत म्हणाला, "स्क्रिप्टमध्ये 'नदी गोठली होती' असं आहे."

मी म्हटलं, "मी म्हणालो ना, थंडी पडली होती."

"तो 'गोठली होती' ऐकून बोलणार आहे, काका!"

"मग त्याला सांग, कान उघडे ठेव."

चैत्राली मध्ये पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी देवव्रत हळूच तिला म्हणाला, एखाद्या तरुणाला पांढरा विग लावू या का. मला ऐकू येतं, ते तो विसरला. ऐकू न येणारा तू आहेस.

आता तुझे प्रश्न. मिलित्सा तालमीला येते, चैत्राली तिचं बोलणं मला मराठीत सांगते. पेटारे होते, बैलगाडीत. नदीच्या एका बाजूला ऑस्ट्रियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला त्यांचं. एकदा नदी ओलांडताना शिपायांनी पेटारा उघडला, आत लाकडी तलवारी निघाल्या. बंडखोर म्हणून सगळ्यांना कोठडीत टाकलं. स्तोयान राणीच्या कपड्यात होता, त्याला बाई समजून सोडून दिलं. तो बाहेर जाऊन अधिकाऱ्याच्या पाया पडला, इतका रडला, की बाकीचेही सुटले. मला वाटतं ते त्याचं सर्वांत चांगलं काम.

मिशी आली, अंग भरलं, तेव्हा तो राजा करू लागला. शहरात मोठं थिएटर झालं, लाल पडदा, पगार. तिथे नवीन व्यवस्थापक आला. म्हणाला, पुस्तकात आहे तेच बोलायचं. स्तोयानने मुकुट काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा बैलगाडी धरली. हे ऐकल्यावर मी देवव्रतकडे बघितलं. तो कागदाकडे बघत होता.

मरतो का विचारलंस. मरतो. ते पुढच्या वेळी सांगतो. ते लिहिताना हात थांबतो.

मिहीरला कळलं. "नाही म्हणजे नाही, बाबा," म्हणाला. मी पहिल्यांदाच त्याला उलट बोललो. म्हटलं, मी करणार.

नंदू


कुडाळ
१९ जानेवारी

राणीसरकार,

तू इतकी वर्षं माझ्यासमोर उभा राहिलास आणि तुला एवढं आठवत नाही?

तू काय बोलणार हे मला कधीच माहीत नसायचं. एकदा मी तुला वनवासात पाठवत होतो आणि तू मध्येच गावच्या सरपंचावर बोलायला लागलास. तरी मी कधी चुकलो का? तू तुझं काय ते बोलायचास, आणि थांबायचं असलं की डाव्या खांद्यावरचा पदर सारखा करायचास. पदराला हात गेला की मी तोंड उघडायचो. त्याआधी ब्रह्मदेव आला असता तरी उघडलं नसतं. लोकांना वाटायचं राणी लाजली.

त्या पोराला शब्द ऐकायला सांगू नकोस. हात बघायला सांग. अंगावर पदर नसेल, दुसरं काहीतरी असेल. युरोपात थंडी असते, गळ्यात काही असेलच.

विगवाल्या तरुणाचं नाव पुन्हा निघालं तर मला कळव. मी येतो तिकडे. माझी तब्येत उत्तम आहे, अक्षर बघत बसू नकोस, मजकूर बघ.

मिहीरला म्हणावं, रागावलास तरी चालेल, पण डॉक्टरला विचार. उगाच बापाचा डॉक्टर होऊ नकोस.

आणि मरण्याचं लिही. तू टाळतोयस.

जगू


दोहा, वलीचं दुकान
२५ जानेवारी

जगू,

हे पत्र चैत्रालीच्या फोनवरून नाही, वलीच्या फोनवरून पाठवतोय. वलीला वाचता येत नाही म्हणून नव्हे, चांगलं येतं, पण तो वाचणार नाही म्हणाला. उत्तर याच नंबरवर पाठव. चैत्रालीने हे वाचू नये.

आधी चांगलं सांगतो. वलीने स्तोयानचा कोट शिवला, लोकरीची कॉलर लावून. मी राहिलला म्हटलं, माझा हात डाव्या कॉलरला गेला की तू बोल. पहिल्यांदा तो हसला. मग तालीम अशी पळाली की देवव्रतने कागद खाली ठेवले. म्हणाला, "काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, मला कुडाळहून सांगितलं.

मिहीर मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, करू दे, फक्त जमिनीवर पडून झटकन उठायचं नाही. म्हणून शेवटी बाकड्यावर पडायचं ठरलं. देवव्रतला स्टेजवर पुष्कळ सामान हवं होतं. मी म्हटलं, आम्ही एका बाकड्यावर सिंहासन केलं, रथ केला, डोंगर केला. बाकडं पुरे.

मागच्या शुक्रवारी समैस्माला समुद्रावर गेलो. मी पाण्याकडे तोंड करून स्तोयानचं भाषण म्हटलं, आवाज किती पोचतो बघायला. मागे एक अरबी कुटुंब चटईवर बसलं होतं. संपल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने उठून मला कॉफीचा छोटा पेला आणून दिला. काय म्हणाला ते कळलं नाही. मी शुक्रन म्हटलं, म्हणजे आभार.

आता वाईट. स्तोयान कसा मेला ते ऐक.

त्रेसष्ट वर्षांचा होता. एका लहान गावात हॉटेलच्या हॉलमध्ये खेळ होता. तो म्हातारा राजा. शेवटी राजा मरतो. स्तोयानला सवय होती, मेल्यावर बराच वेळ पडून राहायची, टाळ्या पूर्ण ऐकायच्या. त्या दिवशीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा पडला. बाकीचे त्याला तसाच सोडून कपडे बदलायला गेले, म्हणाले, म्हातारा टाळ्या खातोय, खाऊ दे. दिवे विझवायला माणूस आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

त्याला कोणी हाक मारली नाही, जगू.

आपल्या कंपनीचा नियम तुला सांगायला नको. सोंगात मेलेल्याने आपणहून उठायचं नाही. समोरच्या सोंगाने तोंडावर पाणी मारून घरच्या नावाने तीनदा हाक मारायची, मग डोळा उघडायचा. त्याशिवाय रंग पुसायचा नाही. किती वेळा मी सती गेलो, किती वेळा विष प्यायलो, प्रत्येक वेळी तू पडद्यामागे येऊन मला उठवलंस. एकदा तुला ताप होता तरी आलास.

इथे मला कोण उठवणार? मिहीर बापाचं नाव तोंडातून काढणार नाही. चैत्राली सून आहे, तिला मी असं कसं सांगू, मला अरे-तुरे कर म्हणून? राहिल पोर आहे. देवव्रत हसेल. तालमीत मी अजून एकदाही पडलो नाही. काहीतरी कारण काढतो, पाठ दुखते, चष्मा पडेल. देवव्रत म्हणतो, ठीक आहे, प्रयोगाला पडा.

मला खरंच भीती वाटते. छातीत जाळी आहे, गाव लांब आहे. पडलो आणि हाक आली नाही, तर मी स्तोयानच्याच वाटेने जाईन असं वाटतं. आणि इथे मेलो तर मिहीरला केवढा त्रास. हे कागद, ते कागद, विमान. परवा उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे कोणीतरी अशाच इथे वारलेल्या एकाची गोष्ट सांगत होतं. मी जेवण अर्ध्यावर सोडून उठलो.

काम सोडू का? सोडावं असं वाटत नाही. पण सांग.

नंदू


कुडाळ
२८ जानेवारी

नंद्या,

सोडलंस तर पुन्हा मला राजा म्हणू नकोस.

तो स्तोयान का मेला हे तुला कळलं आणि दुसऱ्या कोणाला कळलं नाही. म्हणून त्याचं काम तूच करायचंस. पांढऱ्या विगवाल्याला पडायची भीती वाटणार नाही, आणि ज्याला भीती वाटत नाही त्याने मरणाचं सोंग घेऊ नये. तू माझ्यासमोर विष पिताना नेहमी घाबरायचास. म्हणून बायका रडायच्या.

मी तिथे यावं असं तुला वाटत असेल. या वेळी जमणार नाही, कारण विचारू नकोस. पण त्या दिवशी मी इथून हाक मारीन. तुला ऐकू येईल का ते मला माहीत नाही. मला स्वतःला ऐकू येणार नाही, तो भाग वेगळा.

शब्द विसरला नसशील. तरी लिहितो, कारण लिहिताना मला बरं वाटतं. पाणी तोंडावर, मग:

"नंद्या, उठ. खेळ संपलो. घराक चल."

तीनदा. पहिली हळू, दुसरी त्याहून मोठी, तिसरी शेतातल्या माणसाला बांधावरून मारतात तशी.

सून आहे म्हणून सांगता येत नाही म्हणतोस. बघ बाबा. माझी सून मला रोज काय काय बोलते ते तू ऐकलंस, तर तुझी सून तुला देवी वाटेल.

पड. घाबरून पड. पण पड.

जगू

(चैत्रालीताई, आमच्या तात्यांचं पत्र नेहमीप्रमाणे पाठवते आहे. काकांना द्या. त्यांना म्हणावं, देवी मी पण आहे. — सरोज)


दोहा, वलीचं दुकान
४ फेब्रुवारी

जगू,

तुझं उत्तर आलं नाही. वलीचा फोन दिवसातून चार वेळा बघतो. तो म्हणतो, "चाचा, मेसेज आला तर मी धावत वर येईन, इन्शाल्ला. तुम्ही जिने चढू नका." दुसऱ्या नंबरवर आलं का, तेही चैत्रालीला विचारता येत नाही. विचारलं तर ती म्हणेल, कुठलं पत्र.

तू आजारी आहेस का? की माझा राग आला? ते वर चढणारं अक्षर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सरोजला फोन करावा म्हटलं, पण ती सांगणार नाही, तूच तिला सांगू नको म्हणाला असशील.

उत्तर आलं नाही म्हणून मी आपलं आपण ठरवलं. शुक्रवारी मी बाकड्यावर पडणार. हाक मारणारं कोणी नाही, तर मनातल्या मनात तुझी हाक मीच मारीन आणि उठेन. नियम मोडेल. मोडू दे. मालकही आता नाही आणि कंपनीही नाही. पण स्तोयानला विगवाल्याच्या हाती देणार नाही.

चैत्राली दोन दिवस गप्प गप्प आहे. स्वयंपाक करताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. मी आत गेलो की थांबते. काम जमणार नाही असं तिला वाटत असेल. तिला सांगणार आहे, काळजी करू नकोस.

बरा राहा. ही आज्ञा आहे, राणीची.

नंदू


दोहा
९ फेब्रुवारी २०२५

महाराज,

हे पत्र चैत्रालीच्याच फोनवरून येतंय. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

परवा प्रयोग झाला. शाळेचा हॉल भरला होता. मिहीर पहिल्या रांगेत बसला होता, हातात माझ्या गोळ्यांची डबी. पडदा उघडण्याआधी देवव्रतने नारळ फोडला आणि म्हणाला, "यल्ला, चला काका, तुम्ही म्हणाल ते." मी म्हटलं, तेच म्हणणार आहे.

बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. नदी गोठली होती, हेही एकदा म्हणालो, देवव्रतला बरं वाटावं म्हणून. बापाने घराचं दार लावलं ते बोलताना मी मध्येच थांबलो, फार वेळ थांबलो, तरी राहिल हलला नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. कॉलरला हात गेला तेव्हा बोलला. जगू, त्या पोराला तू बघायला हवं होतंस.

मग राजा मेला. मी बाकड्यावर पडलो. डोळे मिटले. टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. पडदा ओढल्याचा आवाज आला. देवव्रत म्हणाला, "काका, कमाल! उठा, नमस्काराला चला."

मी ठरवलं होतं, आपली आपण हाक मारायची आणि उठायचं. मारलीसुद्धा, मनात. पण अंग उठेना. आजारी नव्हतो, जागा होतो, सगळं ऐकत होतो. पण इतकी वर्षं हाक बाहेरून आलेली. आतली हाक अंगाला ओळखूच आली नाही.

"काका?" देवव्रत म्हणाला. मग त्याचा हात माझ्या नाकाशी आला. लगेच मागेही गेला, त्याला श्वास काय कळणार. "अरे, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा!" राहिल "या अल्ला, या अल्ला" करत होता. कोणीतरी खुर्ची पाडली. मिहीर पडद्याखालून आत आला, "बाबा, बाबा" म्हणत. त्याच्या हातून गोळ्या सांडल्याचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, डोळे उघडावेत, पोराला किती घाबरवायचं. तरी उघडले नाहीत. तुला कळेल. दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

तेवढ्यात चैत्राली म्हणाली, "थांबा. त्यांना कोणी हात लावू नका."

"अगं, वेडी आहेस का?" मिहीर ओरडला.

तोंडावर गार पाणी पडलं. मग जवळून, अगदी कानाशी, तिचा आवाज आला. ती नाशिकची. तिला मालवणी येत नाही. सासऱ्याचं नाव तिने आजवर घेतलेलं नाही. कागदावर लिहितानाही 'बाबा' लिहिते.

"नंद्या, उठ. खेळ संपलो. घराक चल."

हळू म्हणाली. आवाज फुटत होता. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाली. आणि तिसऱ्यांदा, जगू, अशी हाक मारली की पडद्यापलीकडचे लोक गप्प झाले. बांधावरूनच मारली.

मी डोळे उघडले. मिहीर गुडघ्यावर बसला होता, तोंड पांढरं. मला बघून आधी रडला, मग बायकोवर चिडला. "तू बाबांना नंद्या म्हणालीस?"

"बाबा, माफ करा," ती म्हणाली आणि माझ्या पायाशी वाकली.

मी म्हटलं, "माफी कसली गो? शब्द बरोबर आले."

मग तिने सांगितलं. तुझं पत्र सरोजने नेहमीप्रमाणे तिलाच पाठवलं होतं. तिने ते वाचलं, मला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी तिला हाक मारू दिली नसती, हे ती जाणून होती. दोन दिवस स्वयंपाकघरात पुटपुटत होती ते हेच.

मिलित्सा बाजूला उभी होती. झालं काय, तिने चैत्रालीला विचारलं. चैत्रालीने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, जमलं नाही, मग पुन्हा सांगितलं. ऐकून मिलित्सा रिकाम्या बाकड्याकडे गेली आणि त्याच्यावर हात ठेवून आपल्या भाषेत काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही. स्तोयानचं घरचं नाव असेल.

मग आम्ही नमस्काराला गेलो. देवव्रत मागेच उभा होता. मी त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं.

तुझं २८ तारखेचं पत्र आता पुन्हा पुन्हा वाचतो. कारण विचारू नकोस म्हणालास. मी विचारतो. का जमणार नव्हतं तुला? खरं लिही. नाहीतर मी येतो तिकडे. आता मला कोणी अडवणार नाही, मिहीरसुद्धा.

नंदू


कुडाळ
१४ फेब्रुवारी

राणीसरकार,

खरं लिहितो.

दिवाळीत मी न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात वॉकर धरून चालायला लागा. मी लागलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बाजारात जातो लिहिलं ते खोटं. पेनाचं लिहिलं तेही खोटं. पाठीवर पडून, कागद वर धरून लिहायचो, म्हणून ओळ चढायची. सरोज रोज वॉकर आणून खाटेशी ठेवायची, रोज मी म्हणायचो, उद्या.

तुझं पत्र तिने माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने वाचून दाखवलं. चैत्रालीने हाक मारली तिथे आली आणि थांबली. पत्र मिटलं. आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या तोंडावर अर्धा ओतला. उशी भिजली. मी शिवी दिली. तिने ऐकली नाही. माझ्या सुनेने, जिने पंधरा वर्षं मला तात्यांशिवाय दुसरं काही म्हटलं नाही, कमरेवर हात ठेवला आणि बांधावरून मारतात तशी हाक मारली:

"जग्या, उठ. खेळ अजून संपाक नाय. ओसरीपर्यंत चल."

तीनदा मारायची वेळ आली नाही.

हे पत्र ओसरीवर बसून लिहितोय. ओळ बघ, सरळ आली आहे.

जगू